पहिला कामगार : लहान उद्योजकाची खरी कसोटी



लहान उद्योगधंद्यांच्या उभारणीचा विचार जेव्हा जेव्हा होतो, तेव्हा भांडवल, जागा, यंत्रसामग्री, कच्चा माल आणि बाजारपेठ या पाच गोष्टींचा ऊहापोह प्रामुख्याने केला जातो. कर्ज कोठून मिळेल, वीजजोडणी कशी मिळेल, अनुदानाचा अर्ज कोठे करावा, यांविषयीची माहिती आज बहुतेक होतकरू तरुणांना असते. परंतु धंदा थोडासा रुजल्यानंतर येणाऱ्या एका प्रसंगाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. तो प्रसंग म्हणजे पहिला माणूस पगारावर ठेवण्याचा. त्या दिवसापर्यंत धंद्याचा नफातोटा हा उद्योजकाचा व त्याच्या कुटुंबाचा खाजगी मामला असतो. त्या दिवसापासून दुसऱ्या एका घरची चूलही त्या धंद्यावर अवलंबून राहू लागते. म्हणूनच या प्रसंगाला कसोटीचा प्रसंग म्हणावयाचे.

म्हापसा, डिचोली, फोंडा वा मडगाव येथील बाजारपेठांतून फेरफटका मारला, तर अशा उंबरठ्यावर उभे असलेले कितीतरी व्यावसायिक दिसतात. घरच्या पडवीत मसाले, आमसुले व पापड तयार करून विकणारी गृहिणी, एका शिलाई यंत्रावर पहाटेपासून बसणारा शिंपी, रस्त्याच्या कडेला दुचाकी दुरुस्त करणारा मेस्त्री, एकट्याने घरोघरी जाऊन वीजकाम करणारा वायरमन, ही सारी मंडळी आपापल्या परीने उद्योजकच होत. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार, यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत व वार्षिक उलाढाल दहा कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग 'सूक्ष्म' समजला जातो. पडवीतील पापडाचा धंदा व दहा कोटींचा कारखाना ही दोन्ही त्यामुळे एकाच नावाखाली येतात. परंतु शंभरावा कामगार नेमणे आणि पहिला कामगार नेमणे यांत जे अंतर आहे, ते या व्याख्येत दिसत नाही.

केव्हा ठेवावा?

पहिला कामगार ठेवण्याच्या चुकीच्या वेळा दोन आहेत. धंदा सुरू होताच, केवळ चारचौघांत मालक म्हणवून घेण्याच्या हौसेपोटी माणूस ठेवणे ही एक. कामाच्या ओझ्याखाली पार दबून गेल्यावर, जो समोर येईल त्याला घाईगर्दीने कामावर घेणे ही दुसरी. पहिल्या चुकीत पैसा जातो. दुसरीत पैशाबरोबर गिऱ्हाईकही जाते, कारण दमलेल्या मालकाजवळ नव्या माणसाला काम शिकवण्याइतकी सवड उरलेली नसते.

यावर उपाय अगदी साधा आहे. उद्योजकाने एक महिनाभर वहीत रोजची कामे तासांसह लिहून काढावीत. महिनाअखेर त्या कामांचे दोन भाग पाडावेत : जे काम आपल्याखेरीज कोणालाही करता येणार नाही ते एकीकडे, आणि जे काम शिकवल्यास दुसऱ्याला करता येईल ते दुसरीकडे. मसाल्याचे प्रमाण ठरवणे हे गृहिणीचे स्वतःचे काम. मिरच्या निवडणे, पुड्या भरणे व लेबले चिकटवणे हे शिकवता येण्याजोगे काम. दुसऱ्या भागात रोजचे पाच-सहा तास नियमितपणे भरत असतील, तर माणूस ठेवण्याची वेळ आली आहे असे समजावे. दोन तासच भरत असतील, तर अर्धवेळ मदतनीस पुरेसा होतो.

गोव्यासारख्या प्रदेशात हंगामाचाही विचार अगत्याचा आहे. पर्यटनाचा जोर साधारणतः ऑक्टोबर ते मे या महिन्यांत असतो, काजूचा हंगाम उन्हाळ्यात येतो आणि चवथीपूर्वीच्या महिन्यात फराळ व सजावटीच्या वस्तू यांची मागणी एकाएकी वाढते. जे काम हंगामी आहे ते हंगामीच आहे, असे उमेदवाराला पहिल्याच दिवशी स्पष्टपणे सांगावयास हवे. बारा महिन्यांच्या आशेवर आणलेल्या माणसाला पावसाळा लागताच घरी बसवणे हे कोणत्याही दृष्टीने शोभणारे नव्हे.

हिशेब आधी, माणूस मागून

माणूस ठेवल्याने धंदा वाढेल, अशा मोघम आशेवर अनेकजण विसंबतात. प्रत्यक्षात आकडे मांडून पाहणे मुळीच कठीण नाही. उदाहरणादाखल असे समजू की, मसाल्याच्या व्यवसायात मासिक १५,६०० रुपये पगारावर एक मदतनीस ठेवली. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरल्यास हा रोज ६०० रुपये पडतो. सणाच्या वेळी एका महिन्याचा पगार बक्षीस म्हणून द्यावयाचा ठरवल्यास, दरमहा १,३०० रुपये त्यासाठी बाजूला ठेवले पाहिजेत. म्हणजे खरा मासिक भार १६,९०० रुपयांचा झाला. सारा खर्च वजा जाता एक किलो मसाल्यामागे ६० रुपये सुटत असतील, तर हा भार भरून निघण्यासाठी महिन्याला २८२ किलो, म्हणजे दर दिवशी सुमारे ११ किलो मसाला अधिक विकला गेला पाहिजे. एवढी मागणी आहे काय, या प्रश्नाचे उत्तर गृहिणीने स्वतःच्या वहीकडे पाहून द्यावयाचे आहे.

याखेरीज तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम, म्हणजे वरील उदाहरणात ४६,८०० रुपये, हाताशी असल्याशिवाय माणूस ठेवू नये, हा नियम पाळणे हिताचे ठरते. गिऱ्हाइकाचे पैसे थकले म्हणून कामगाराचा पगार थकवणे, ही लहान धंद्यातील सर्वांत सामान्य व सर्वांत घातक सवय होय. उधारी देण्याचा निर्णय मालकाचा असतो. त्याची किंमत कामगाराने मोजावी हे न्यायाला धरून नाही.

बेळगावचा दाखला

पहिली माणसे कशी निवडावीत, यासंबंधीचा एक बोधप्रद दाखला गोव्याच्या सीमेला लागूनच, घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या बेळगाव शहराच्या इतिहासात सापडतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बेळगावातील त्यांच्या सायकलच्या दुकानापासून पुढे एक मोठा उद्योगसमूह उभा राहिला आणि त्या समूहाच्या इतिहासात १८८८ हे आरंभाचे वर्ष मानले जाते. थोरले बंधू रामुअण्णा यांची त्यांना साथ होती. कडबा कापण्याचे यंत्र व १९०३ साली तयार झालेला लोखंडी नांगर ही त्यांची सुरुवातीची उत्पादने. लोखंडामुळे जमीन नासते, अशी समजूत तेव्हा शेतकरीवर्गात असल्याने पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या ३२ एकर माळरानावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. निवडुंग व सापकिरडू यांनी भरलेल्या त्या माळावर लक्ष्मणरावांबरोबर सुमारे २५ कामगार आपल्या कुटुंबांसह राहावयास गेले. या आरंभीच्या सहकाऱ्यांकडे पाहिले असता मोठे नवल वाटते. के. के. कुलकर्णी हे मॅट्रिकची परीक्षा अनुत्तीर्ण झालेले गृहस्थ. वसाहतीची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवण्यात आली. अनंतराव फळणीकर यांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिलेले. परंतु कल्पकता अंगी असल्याने त्यांना यंत्ररचनेच्या कामात वाव मिळाला. शंभुराव जांभेकर यांच्याकडे यंत्रांचे काम आले, तर मंगेशराव रेगे यांनी कारकुनी व हिशेब सांभाळले. वसाहतीच्या राखणीचे काम तर दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या दोघांवर सोपवण्यात आले होते.

या दाखल्यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. प्रशस्तिपत्रकापेक्षा माणसाचा कल पाहणे अधिक मोलाचे असते, ही पहिली. प्रत्येकाला नेमके कोणते काम सोपवावयाचे हे ठरलेले असावे लागते, ही दुसरी. ती सहसा दुर्लक्षित राहते. हिशेब एकाकडे, यंत्र दुसऱ्याकडे, राखण तिसऱ्याकडे, अशी स्पष्ट वाटणी असल्यामुळेच विश्वास टाकणे शक्य होते. काम न ठरवता टाकलेल्या विश्वासातून दोन्ही पक्षांच्या वाट्याला बहुधा मनस्तापच येतो.

नात्यातला माणूस की परका?

पहिला कामगार म्हणून बहुतेकदा भाचा, मेहुणा किंवा शेजाऱ्याचा मुलगा पुढे येतो. यात गैर काहीच नाही. ओळखीच्या माणसाची पारख आधीच झालेली असते. मात्र नात्यातल्या माणसाशी पगार, वेळ व रजा यांविषयी स्पष्ट बोलण्याचा संकोच वाटतो आणि 'घरचाच आहे' या शब्दाखाली कधी त्याची पिळवणूक होते, तर कधी त्याच्या गैरहजेरीकडे डोळेझाक होते. याकरिता नात्यातल्या माणसालाही परक्याप्रमाणेच कागद देऊन कामावर घ्यावे.

परका उमेदवार असेल तर गप्पागोष्टींवर विसंबण्यापेक्षा प्रत्यक्ष काम करवून पाहणे इष्ट. शिंप्याने उमेदवाराला एक बाही शिवावयास द्यावी. वायरमनने एक बोर्ड जोडावयास सांगावे. दोन-चार दिवस काम पाहावयाचे असल्यास त्या दिवसांचे वेतन चुकते करावे. 'आधी महिनाभर फुकट शीक, मग बघू', ही पद्धत जुनी असली तरी त्याज्य आहे. चौदा वर्षांखालील मुलाला, मग त्याचे आईवडील कितीही गयावया करोत, कामावर ठेवता येत नाही. त्यास कायद्याने मनाई आहे.

उमेदवार दूरच्या राज्यातून आलेला असेल, तर त्याची ओळख पटवून घेणे आवश्यक आहे. मात्र त्याचे मूळ दाखले वा आधारपत्र मालकाने आपल्या कपाटात ठेवून घेऊ नये. प्रत घ्यावी व मूळ कागद परत करावा.

संख्येची वेस आणि तिच्या अलीकडचा माणूस

कायद्याच्या बाबतीत लहान उद्योजकाच्या मनात दोन टोकांच्या समजुती आढळतात. एक माणूस ठेवला की सरकारी तपासनिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही एक समजूत. आणि एकच माणूस असल्याने कोणताच कायदा लागू नाही, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत.

देशातील २९ कामगार कायद्यांचे एकत्रीकरण करणाऱ्या चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांतील सामाजिक सुरक्षेच्या अनेक तरतुदींना संख्येची वेस आहे. कर्मचारी राज्य विमा साधारणतः दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो, भविष्यनिर्वाह निधी वीस किंवा अधिक कर्मचाऱ्यांना, आणि दुकाने व आस्थापना यांतील उपदानासाठीही दहा ही संख्या धरली जाते. म्हणजे ज्याच्याकडे एकच कामगार आहे, त्या मालकावर यांपैकी बहुतेक वर्गण्यांची सक्ती नाही.

परंतु वेतनाच्या बाबतीत अशी वेस नाही. शासनाने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी पगार एकाच कामगाराच्या मालकालाही देता येत नाही. मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे, जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने दिला पाहिजे, एकाच कामासाठी स्त्री व पुरुष यांच्या वेतनात भेद करता कामा नये, आणि कामगाराने नोकरी सोडली वा त्याला कामावरून दूर केले तर कामाच्या दोन दिवसांत त्याचा हिशेब पुरा केला पाहिजे. किमान वेतनाचे चालू दर व दुकान वा आस्थापनेच्या नोंदणीसंबंधीचे नियम पणजी येथील पाटो भागातील श्रमशक्ती भवनात, श्रम आयुक्तांच्या कार्यालयात विचारून घ्यावेत. महागाईनुसार हे दर बदलत असतात. गतवर्षीच्या आकड्यावर विसंबून राहू नये.

येथेच या विषयाचे मर्म आहे. ज्या कारखान्यात शंभर कामगार आहेत, तेथे विमा आहे, निधी आहे, संघटना आहे, हजेरीचे यंत्र आहे. पडवीत एकट्याने काम करणाऱ्या मदतनीस स्त्रीजवळ यांपैकी काहीच नसते. तिचे संरक्षण मालकाच्या शब्दावर व त्याने दिलेल्या कागदावर अवलंबून असते. मोठ्या उद्योगात जे काम संस्था करते, ते लहान धंद्यात मालकाच्या सचोटीला करावे लागते.

सचोटीबरोबर थोडी तजवीजही करता येते. विमा व भविष्यनिर्वाह निधी या दोन्ही योजनांत, संख्या कमी असली तरी मालक व बहुसंख्य कर्मचारी यांच्या संमतीने स्वेच्छेने सहभागी होण्याची तरतूद आहे. तेही शक्य नसेल, तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेखाली बँक खात्यातून वर्षाला अवघ्या २० रुपयांत दोन लाख रुपयांपर्यंतचे अपघात संरक्षण मिळते. मालकाने हे वीस रुपये स्वतः भरावेत आणि पावती कामगाराच्या हाती द्यावी.

भविष्यनिर्वाह निधीत नोंदणी करणाऱ्या उद्योजकांसाठी प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनाही आहे. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांसाठी ती असून, पन्नासांहून कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनेने किमान दोन नवे कर्मचारी घ्यावेत, अशी तीत अट आहे. अनुदान मिळते म्हणून माणूस ठेवू नये. माणूस ठेवणे हिशेबात बसत असेल तर अनुदानाचा लाभ अवश्य घ्यावा.

एक पानाचा कागद

नियुक्तिपत्र म्हणजे वकिलाकडून करवून घ्यावयाचा दस्तऐवज नव्हे. कामगाराला समजेल अशा भाषेतील एक पान पुरेसे आहे. त्यात कामाचे स्वरूप, रुजू होण्याची तारीख, कामाची वेळ, साप्ताहिक सुट्टी, पगार व तो देण्याची तारीख, रजा, परीक्षेचा काळ, आणि दोन्ही बाजूंनी द्यावयाची पूर्वसूचना एवढ्या बाबी असाव्यात. चवथ, दिवाळी, नाताळ, गावची जत्रा वा फेस्त यांपैकी कोणत्या दिवशी रजा मिळेल, तेही लिहावे. लहान धंद्यातील बरेचसे खटके याच कारणावरून उडतात. प्रत्येक नियुक्तीला कागद असावा, अशीच नव्या संहितांची दिशा आहे. पगार देताना वेतनचिठ्ठी द्यावी. शक्यतो तो बँकेमार्फत द्यावा; रोख दिल्यास वहीवर सही घ्यावी.

उचल देण्याच्या बाबतीत विशेष जपावयास हवे. लग्नकार्य, आजारपण वा घरदुरुस्ती यांकरिता कामगार उचल मागतो व मालकही सहानुभूतीने देतो. पण रक्कम व परतफेडीचे हप्ते लिहिलेले नसतील, तर वर्षा-दोन वर्षांत कोणाकडे किती बाकी आहे हेच कळेनासे होते. बाकी आहे म्हणून कामगाराला नोकरी सोडू न देणे हा तर गुन्हा होय. वेठबिगारीची पद्धत १९७६ च्या कायद्याने नष्ट करण्यात आली आहे, याचे विस्मरण होऊ नये.

पहिली कर्मचारी स्त्री असल्यास मालकाची जबाबदारी आणखी वाढते. स्वच्छतागृहाची सोय, उजेड, घरी परतण्याची वेळ यांचा विचार आधी व्हावा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा एकट्या कर्मचारी स्त्रीलाही संरक्षण देतो. दहांहून कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. ही माहिती तिला नियुक्तीच्या दिवशीच द्यावी. मालकाचे मन स्वच्छ असेल तर ही माहिती देण्यात त्याला संकोच वाटण्याचे कारण नाही.

शिकवणे आणि सोडणे

कामगार रुजू झाल्यानंतरचे पहिले तीन महिने शिकवण्याचे असतात. या काळात मालकाचे काम कमी न होता उलट वाढते, हे गृहीत धरावे. चूक झाल्यास गिऱ्हाइकासमोर न बोलता मागाहून सांगावे, आणि एकदा सोपवलेले काम दर घटकेला हिसकावून घेऊ नये. 'मीच केले तर नीट होते', हा विचार मनातून गेल्याशिवाय धंदा एका माणसाच्या कुवतीपलीकडे वाढत नाही.

निवड चुकली असे आढळून आल्यास परीक्षेच्या काळातच ते मोकळेपणाने सांगावे, हिशेब मुदतीत चुकता करावा व जेवढे काम केले असेल तेवढ्याचा दाखला द्यावा. याउलट निवड चांगली ठरली, तर एक दिवस असाही येतो की, शिकून तयार झालेला कामगार स्वतःचे दुकान थाटण्याचा मनोदय बोलून दाखवतो. अशा वेळी अनेक मालकांना तो विश्वासघात वाटतो. वस्तुतः पूर्वी त्या मालकानेही कोणाच्या तरी हाताखाली शिकूनच आपला धंदा उभारलेला असतो. पूर्वसूचनेचा काळ पाळून, नव्या माणसाला काम शिकवून जो जातो, त्याला सन्मानाने निरोप द्यावा. गावात पुढचा कामगार शोधावयास निघाल्यावर, पहिला कामगार आपल्याविषयी काय सांगतो यावरच दुसरा येणार की नाही हे ठरत असते.

म्हणून 'कामगार पाहिजे' ही पाटी दारावर लावण्यापूर्वी उद्योजकाने तीन कागद तयार ठेवावेत : एकावर सोपवावयाच्या कामांची यादी, दुसऱ्यावर पगाराचा व तीन महिन्यांच्या गंगाजळीचा हिशेब, आणि तिसरा नियुक्तिपत्राचा मसुदा. हे तिन्ही कागद एका संध्याकाळी लिहून होतात. ते तयार झाले, की मग पाटी लावण्यास हरकत नाही.